रुमालाचं शीड

शाळेतून राजश्रीबाईंचा फोन आला तेव्हा दीपाली काउंटरवर एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली जेवणानंतर ते समजावून सांगत होती. मारुती मंदिरच्या नाक्याजवळच्या त्या औषधांच्या दुकानात ती बरीच वर्षं कामाला होती. कामाच्या वेळात फोन वाजला की ती सहसा कट करायची. शाळेचा नंबर दिसला म्हणून उचलला. मे महिन्यानंतर त्या नंबरवरून फोन यायचं काही कारणच उरलं नव्हतं.

“आरोहीच्या आई,” बाई म्हणाल्या, “झेंडा आलाय.”

दीपालीनं “बरं” म्हटलं, फोन ठेवला, आणि म्हाताऱ्याला गोळ्या पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितल्या. मग ती आतल्या खोलीत गेली आणि औषधांच्या खोक्यांच्या थप्पीला टेकून उभी राहिली. रडू आलं नाही. राग आला. कापडाचा एक तुकडा आभाळात जाऊन सुखरूप परत येतो, आणि आपली पोर आरे-वारेच्या किनाऱ्यावर जाऊन परत येत नाही, हे कुणाला विचारायचं?

आरोही तिची एकुलती एक. आठवीत होती. आपला एक अंतराळवीर परदेशी यानातून अंतराळस्थानकावर जाणार होता आणि त्या मोहिमेची आठवण म्हणून देशभरातल्या शाळकरी मुलांकडून आपापल्या गावाचे छोटे झेंडे मागवले होते. निवडलेले झेंडे यानातून वर जाणार, काही दिवस स्थानकात राहणार आणि अंतराळवीरांबरोबर परत येणार. राजश्रीबाईंनी वर्गात सांगितलं आणि आरोहीच्या डोक्यात ते असं बसलं की दिवाळीची सुट्टी तिनं सुईदोऱ्यातच घालवली.

झेंडा असेल वहीच्या पानाएवढा. खाली तांबडी पट्टी, ती चिऱ्याची जमीन. ती तिनं आजीच्या, म्हणजे यमुनाबाईंच्या, फाटक्या लुगड्यातून कापली. वर निळा समुद्र, तो शाळेच्या जुन्या गणवेशाचा. आणि मधोमध होडीचं पांढरं शीड. त्याला पांढरं कापड मिळेना तेव्हा तिनं बापाचा रुमाल उचलला. संदेश मुंबईत लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक. शिमगा, मे महिना, गणपती आणि दिवाळी एवढ्यालाच घरी यायचा. त्या दिवाळीत आला आणि रुमाल विसरून गेला.

“माझा रुमाल चोरलास काय गो?” तो फोनवर खोटं खोटं रागावला होता.

“चोरला नाय बाबा, अंतराळात पाठवतेय. त्याच्यावर तुमचा ग्रीसचा डाग हाय, तो पण ठेवलाय. ती तुमची सही.”

जिल्ह्यातून एकच झेंडा निवडला गेला, तो आरोहीचा. संदेशनं कंपनीतल्या सगळ्यांना पेढे वाटले. माणसं मजल्यामजल्यांवर वरखाली करतात, माझा रुमाल पार अंतराळात चाललाय, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला.

यान दोनदा पुढं ढकललं गेलं आणि शेवटी मे महिन्यात उडालं. संदेश सुट्टीवर आलेला. त्या दिवसांत आरोहीला दुसरा विषय नव्हता. स्थानक रत्नागिरीवरून कधी जाणार, कुठल्या दिशेला दिसणार, ते मोबाईलवर कळायचं. ते चांदणीसारखं दिसतं, पण लुकलुकत नाही, सरळ चालत जातं, असं तिनं घरातल्या सगळ्यांना इतक्यांदा सांगितलं की यमुनाबाईंना ते पाठ झालं होतं. त्यांचं घर नाचणे गावात. भोवती आंब्या-फणसाची झाडं, रस्त्यावर दिवे. तिथून काही दिसेना. एका संध्याकाळी स्थानक पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, क्षितिजालगत खालून जाणार होतं. शिवाय अमावास्या, म्हणजे आकाश काळं. “आरे-वारेला जाऊया बाबा,” आरोही म्हणाली आणि बापानं स्कूटर काढली.

ते निघाले तेव्हा दीपाली दुकानात होती. संदेशनं तिला वाटेतून फोन केला. ती म्हणाली, “अमावास्येचं उधाण असेल. समुद्र बिघडलाय आता. खाली उतरू नका, वरनं रस्त्यावरनंच बघा.”

“होय गो,” तो म्हणाला.

पुढचं त्यानंच सांगितलेलं. वर घाटरस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या लागल्या होत्या, टपऱ्यांवर बल्ब होते, सगळीकडे उजेड. आरोहीला भीती वाटली की ह्या उजेडात दिसायचं नाही. म्हणून दोघं खाली वाळूत उतरले, खडकाच्या कडेला उभे राहिले. वेळ झाली आणि खरंच एक ठिपका समुद्रावरून वर आला आणि सरळ चालायला लागला. आरोहीनं हात वर केला. संदेशनं मोबाईल वर धरला. दोघांच्या माना वर होत्या. पहिली लाट गुडघ्यापर्यंत आली, तिनं पायाखालची वाळू नेली. दुसरी त्यांनी पाहिलीच नाही. संदेश खडकावर आपटला, खांद्याचं हाड मोडलं. लोकांनी त्याला ओढून वर काढलं. आरोही दिसली नाही.

मच्छीमारांनी होड्या घालायचा प्रयत्न केला, पण समुद्र कुणाला आत घेईना. पोलीस झाले, पाण्यात उतरणारी मुलं झाली, भाट्यापासून गणपतीपुळ्यापर्यंत माणसं किनाऱ्यानं चालली. पोर मिळाली नाही. मग पाऊस लागला आणि शोधणारे आपापल्या घरी गेले.

संदेश मुंबईला गेला नाही. खांदा बरा झाला तसा तो रोज सकाळी आरे-वारेला जायचा, वाळूत बसायचा आणि जेवायच्या वेळी परत यायचा. घरात कुणाशी बोलायचा नाही. फक्त एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगायचा, कधी आईला, कधी बायकोला, कधी दारात आलेल्या माणसाला. “तिनं बघितलान. हात वर केलान नि म्हणाली, बाबा, तो बघा माझा झेंडा, तुमचा रुमाल पण. हसत होती. घाबरायला वेळच नाय झाला तिला.”

दीपाली ते ऐकून घ्यायची. त्या फोनबद्दल ती एका शब्दानं बोलली नव्हती आणि तोही बोलला नव्हता. पण ताट वाढताना, कपडे वाळत घालताना, एका खोलीत दोन टोकांना झोपताना तो फोन दोघांच्या मधे असायचा. कधी कधी तिला वाटायचं, ह्यानं एकदा तरी म्हणावं, तू सांगितलं होतंस. मग आपण ओरडू, रडू, काहीतरी होईल. तो म्हणाला नाही.

भावकीतले रावजीकाका दोनदा येऊन गेले. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तसं करून घ्या, पोरीला गती मिळेल, असं त्यांचं म्हणणं. दीपाली फाडकन बोलली, “माझी पोर सापडली नाय तोवर काय जाळायचं, काका? गवत?” काका चहा न घेताच उठले. घरातल्या फोटोलाही तिनं हार घालू दिला नव्हता.

आणि आता झेंडा आला होता.

रात्री जेवताना तिनं संदेशला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. “कधी आणायचा?” त्यानं विचारलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात माणूस ऐकू आला.

“शनिवारी कार्यक्रम हाय. मोठे अधिकारी येणारायत. मला नको तो झेंडा, मी जाणार नाय.”

“दीपा, तिचं तेवढंच परत आलंय गो.”

“मग तुम्ही जा.”

“मला नाय जमणार. सगळी तोंडाकडे बघतील. हाच तो बाप म्हणतील.” त्यानं घास ताटात ठेवला. “तू जा. माझ्यासाठी जा. आणून दे फक्त.”

ती गेली. सासूनं मागं लागून इस्त्रीची साडी नेसायला लावली. शाळेच्या सभागृहात मुलं रांगेनं बसली होती, मागं पालक, पुढं खुर्च्यांवर गावातली मोठी माणसं. व्यासपीठावर आरोहीचा मोठा केलेला फोटो होता आणि त्याला झेंडूचा जाड हार घातला होता. दीपाली दारातच थबकली. मग सगळ्यांच्या देखत सरळ पायऱ्या चढून वर गेली, तो हार काढला आणि टेबलावर ठेवून दिला. राजश्रीबाईंनी तिचा दंड धरून तिला खुर्चीवर बसवलं.

भाषणं झाली. रत्नागिरीचं नाव आकाशात नेणारी मुलगी, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, आरोही आज वरून आपल्याकडे बघत असेल. दीपाली समोरच्या मुलांकडे बघत होती. आरोहीच्या वर्गातल्या मुली वेण्यांना पांढऱ्या रिबिनी बांधून आल्या होत्या. त्यातली एक सारखी जांभया देत होती आणि दीपालीला त्या मुलीचा राग आला नाही, उलट तिच्याकडे बघत बसणं बरं वाटलं.

मोहिमेच्या कामात असलेले अधिकारी चाळिशीचे, शांत, बोलताना चष्मा काढून हातात घेणारे गृहस्थ होते. त्यांनी थोडक्यात बोलून फ्रेम दीपालीच्या हातात दिली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. काचेमागं झेंडा होता: तांबडी जमीन, निळा समुद्र, पांढरं शीड. खाली मोहिमेचं चिन्ह आणि अंतराळवीरांच्या सह्या. तिनं एकदा पाहिलं आणि फ्रेम उलटी करून मांडीवर ठेवली.

कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा झाला. तिथं त्या अधिकाऱ्यांनी आपल्या बॅगेतून प्लॅस्टिकचं एक पाकीट काढून हलक्या हातानं दीपालीपुढं ठेवलं.

“हेही तुम्हाला द्यायचं होतं. समारंभात दिलं असतं तर बरं दिसलं नसतं. हा आरोहीनं स्वतः शिवलेला झेंडा. आम्ही नीट जपून ठेवला होता.”

दीपालीला कळेना. तिनं फ्रेमकडे बोट दाखवलं. “मग हा?”

“हा वर गेलेला. त्याचं असं असतं ताई, यानात साधं सुती कापड नेता येत नाही. आगीचा धोका. म्हणून सगळ्या मुलांच्या झेंड्यांचे फोटो घेऊन ते खास कापडावर छापून घेतले. चित्र तिचंच आहे, अगदी हुबेहूब. हे शेवटी शेवटी ठरलं, त्या घाईत शाळांना कळवायचं राहिलं.”

“म्हणजे हा वर गेलाच नाय?”

“हा आमच्या ऑफिसात होता. कपाटात.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तिच्या तोंडाकडे बघून आपण काहीतरी चुकीचं बोललो एवढं त्यांना उमगलं, पण काय ते उमगलं नाही. “मला फार वाईट वाटतं, ताई,” ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

पाकिटातला झेंडा दीपालीनं बाहेर काढला. आरोहीचे वेडेवाकडे टाके. एका जागी दोऱ्याचा गुंता झाला होता, तिथं यमुनाबाईंनी शिव्या देत देत गाठ मारली होती. शिडाच्या कोपऱ्यात ग्रीसचा पिवळट डाग. मुलगी समुद्राकाठी उभी राहून ज्याच्यासाठी हात वर करत होती, ते त्या वेळी कुठल्याशा ऑफिसातल्या बंद कपाटात पडलं होतं.

राजश्रीबाईंनी तिला स्कूटरवरून घरी सोडलं. फाटकाशी उतरताना बाई म्हणाल्या, “आरोहीच्या बाबांना हे दुसरं दाखवू नका. ते पाकीट माझ्याकडे द्या हवं तर. त्यांना ही फ्रेम पुरे.”

“होय,” दीपाली म्हणाली. पण पाकीट दिलं नाही. पर्सच्या तळाशी तसंच ठेवलं.

संदेशनं दाढी केली होती. धुतलेला शर्ट घातला होता. ओटीवर यमुनाबाईंनी पाट मांडून ठेवला होता, जणू कुणी पाहुणा येणार. संदेशनं दोन्ही हात पुढं करून फ्रेम घेतली, टॉवेलनं काच पुसली आणि पाटावर ठेवून समोर मांडी घालून बसला. बराच वेळ बघत राहिला.

“शिवण दिसत नाय गो,” तो म्हणाला.

“काचेमागं हाय म्हणून.” हे उत्तर तिनं वाटेतच जुळवून ठेवलं होतं.

त्यानं फ्रेम उचलून उजेडाकडे धरली, तिरकी केली. “डाग पण नाय. ग्रीसचा डाग होता ना कोपऱ्यात? तिनं मुद्दाम ठेवलान होता.”

“पुसला असंल त्यांनी.”

“ग्रीस पुसत नाय.” त्यानं मान वर केली. “दीपा, हा आपला झेंडा नाय.”

त्या क्षणी ती अजून खोटं बोलू शकली असती. कुठल्या तरी औषधानं डाग काढतात, असं काहीही सांगितलं असतं तर त्याला ते ऐकायचंच होतं. पण त्याचं ते दाढी केलेलं, आशेनं वर झालेलं तोंड बघून तिचा राग उसळला. ह्याला झेंडा पाहिजे, ह्याला तिचं हसणं पाहिजे, आणि मला काय? तिनं पर्स उघडली आणि पाकीट पाटावर टाकलं.

“हा घ्या तुमचा रुमाल. हा कुठं गेलाच नव्हता. वर छापील गेला. हा त्यांच्या कपाटात होता.”

यमुनाबाई “अगो बाय माझे” म्हणत दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या.

संदेशनं पाकीट उघडलं नाही. नुसता हात ठेवला त्याच्यावर. “कपाटात,” तो म्हणाला. मग एखाद्या लहान पोरासारखं त्यानं विचारलं, “मग तिनं बघितलान तरी काय?”

दीपालीचा राग ओसरला. इतक्या महिन्यांचा राग एका वाक्यात बाहेर पडला आणि त्याच्या जागी काहीही आलं नाही. ती घाईनं त्याच्यापाशी जाऊन बसली. “अहो, तसं नाय. चित्र तिचंच होतं ना वर. तीच होडी, तेच शीड. ते साहेब म्हणाले, हुबेहूब. तिनं बघितलान ते खरंच बघितलान.”

“होय,” संदेश म्हणाला. त्यानं फ्रेम उचलून भिंतीला टेकवून ठेवली, पाट जागेवर नेऊन ठेवला. त्या रात्री तो जेवला नाही. ती गोष्ट, हसण्याची, त्यानं त्यानंतर पुन्हा कधीच सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही दीपालीला अर्धा दिवस दुकान होतं. ती उठली तेव्हा संदेश निघून गेला होता. रोजचंच म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. दुपारी यमुनाबाईंचा फोन आला. “अजून आला नाय गो तो. आणि ते पाकीट रिकामं पडलंय.”

घराशेजारच्या सर्वेशची रिक्षा होती, त्याला तिनं फोन केला. त्यानं काही न विचारता रिक्षा काढली. शिरगाव गेलं, बसणी गेलं, दीपाली दांडा घट्ट धरून बसली होती आणि मनात एकच होतं, मी सांगायला नको होतं, मी सांगायला नको होतं. घाटरस्त्यावर रिक्षा थांबली तेव्हा तिला खाली बघवेना. सर्वेशनंच बघितलं आणि म्हणाला, “वहिनी, बसलायत. ते बघा, बसलायत.”

पाऊस थांबला होता. वाळूत दुसरं कुणी नव्हतं. संदेश पाण्यापासून थोड्या अंतरावर बसला होता, छातीपर्यंत ओला, दात वाजत होते. त्याच्या पुढ्यात झेंडा पडला होता, वाळूनं भरलेला, चुरगळलेला.

ती धापा टाकत त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. त्यानं वर पाहिलं नाही.

“म्हटलं तिच्याकडे जाऊ दे,” तो म्हणाला. “तिनं केलेला, तिलाच देऊया. टाकला. लाटेनं परत आणलान. मग कमरेएवढा आत जाऊन टाकला. परत आणलान. मग आणखी आत गेलो.” त्यानं दोन्ही हात वाळूत खुपसले. “सगळं परत देतो गो हा. चपला देतो, लाकडं देतो, बाटल्या देतो. एवढंसं फडकं ठेवून घेईना. मग पोर का देत नाय?”

लाटा येत होत्या, जात होत्या. किती आत गेला होता हा? छातीपर्यंत की आणखी पुढं? तिला विचारायचं होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

“तुला सांगितलं होतं मी.”

लग्नानंतर पहिल्यांदा ती त्याला अरेतुरे करत होती आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं.

“खाली उतरू नको म्हणून सांगितलं होतं. उधाण हाय म्हणून सांगितलं होतं. होय म्हणालास.”

“होय.”

“होय म्हणालास मला फोनवर!”

“होय म्हणालो.” तो तिच्याकडे वळला. त्याचे डोळे मिठानं लाल झाले होते. “वर उजेड होता गो. दिसलं नसतं तिला. तिला दिसावं म्हणून उतरलो.”

एवढंच. ह्या शब्दांसाठी ती किती दिवस थांबली होती, आणि ते बोलून झाल्यावर समुद्र तसाच होता, वाळू तशीच, पोर नाही ती नाहीच. तिला वाटलं होतं आपण त्याला मारू, नाही तर त्याच्या गळ्यात पडू. दोन्ही झालं नाही. तिनं झेंडा उचलला, पिळला आणि पदराला पुसलेला हात त्याच्यापुढं धरला. “उठा. ताप येईल.”

रिक्षात बसल्यावर, शिरगावच्या अलीकडे कुठंतरी, ती सर्वेशला म्हणाली, “रावजीकाकांच्या दारावरनं घे.” संदेशनं तिच्याकडे पाहिलं. “करून टाकूया,” ती म्हणाली. “किती दिवस दार उघडं ठेवून बसायचं?”

त्या वर्षी घरात गणपती आणला नाही. विधी पितृपक्षात झाला. रावजीकाकांनी दर्भाचा पुतळा करवला, भटजी बोलावले, भावकीतली चार माणसं आली. पुतळ्यावर घालायला कापड पाहिजे म्हणाले तेव्हा दीपालीनं बाजारातून नवं पांढरं आणून दिलं. झेंडा मागितला असता तर तिनं दिला नसता. तो तिनं गोड्या पाण्यात दोनदा धुतला होता. लुगड्याचा तांबडा रंग सुटून शिडात उतरला होता आणि पांढरं म्हणावं असं त्यात काही राहिलं नव्हतं. यमुनाबाईंनी तो मागून घेतला आणि आपल्या ट्रंकेत ठेवला. फ्रेम शाळेत गेली. प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलीये असं राजश्रीबाईंनी सांगितलं. दीपाली बघायला गेली नाही.

बायका स्मशानात जात नाहीत. ती घरीच बसली होती, मागच्या दारी. संदेश आला तेव्हा त्याच्या अंगाला धुराचा वास होता. विहिरीवर बादलीनं पाणी घेतलं, आणि अंग न पुसताच तो पायरीवर टेकला.

“लवकर पेटलं,” तो म्हणाला. “गवतच ते.”

कंपनीतून दोनदा बोलावणं आलं होतं. तिसऱ्यांदा आल्यावर त्यानं बॅग भरली. दीपाली त्याला सोडायला स्टेशनवर गेली, कारण सासूबाई म्हणाल्या जा. गाडी उशिरा होती. दोघं फलाटावरच्या बाकावर बसले, मधे बॅग. पलीकडे एक कुटुंब डबा उघडून जेवत होतं आणि त्यातली छोटी मुलगी पोळी नको म्हणून रडत होती. दोघांनीही तिकडे बघायचं टाळलं.

“दिवाळीला येऊ?” गाडीची घोषणा झाली तेव्हा संदेशनं विचारलं.

दीपालीनं खूप विचार केला. या म्हणावं असं वाटलं नाही, नको म्हणावं असंही वाटलं नाही.

“घर तुमचंच हाय,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, बॅग उचलली आणि डब्यात चढला. खिडकी मिळाली नाही त्याला. गर्दीत तो कुठं उभा राहिला ते तिला दिसलं नाही, आणि गाडी हलली तेव्हा तिनं कुणाला हात करायचा म्हणून हात वर केला नाही. दुकानात दुपारची पाळी होती. जिना चढून ती बाहेर आली आणि रिक्षाच्या रांगेत उभी राहिली.